‘ज्वलनशील’, ‘रोधक’ आणि ‘रिकामा’ : स्फोटाच्या परिभाषेची एक चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. शब्द संस्कृतोद्भव असावा की रूढ इंग्रजी शब्दच ठेवावा, हा पहिला. आणि घडविलेला शब्द उच्चारास व स्मरणास सुलभ आहे की नाही, हा दुसरा. दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली प्रसिद्ध झाला, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९७६ पासून मराठी विश्वकोशाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. या सर्व काळात जो वाद झाला तो मुख्यत्वे याच दोन प्रश्नांभोवती फिरला. तिसऱ्या एका प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. संज्ञा वस्तुस्थितीविषयी जे विधान करते, ते विधान खरे आहे काय, हा तो प्रश्न होय.

संज्ञा ही निव्वळ खूणचिठ्ठी असती तर हा प्रश्न उद्भवला नसता. परंतु मराठीतील बहुसंख्य पारिभाषिक शब्द सामासिक किंवा प्रत्ययसाधित आहेत. समास हे संक्षिप्त वाक्य असते. त्याचा विग्रह केला की त्यात दडलेले विधान बाहेर येते. हे विधान चुकीचे असले तर वर्गातील विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही, कारण त्याला व्याख्या शिकविणारा शिक्षक समोर असतो. ज्याला शब्द फलकावर भेटतो आणि व्याख्या कधीच भेटत नाही, त्याचे मात्र बिघडते. इंधन व हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट, आणि त्या मिश्रणात घातलेल्या रासायनिक द्रव्यांचा त्या स्फोटावर होणारा परिणाम, हे क्षेत्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात ती तपासणी करण्याचा हेतू आहे.

या तपासणीसाठी सुपा हे गाव सोयीचे आहे. पारनेर तालुक्यातील हे गाव नगर-पुणे मार्गावर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे असून पुढे तिचा मोठा विस्तार झाला. अकोळनेरचा इंधन-डेपो येथून दूर नाही. शिवाय हा जिल्हा साखरेचा. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून झाला. कारखान्यांमागून मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या आल्या, आणि त्या मद्यार्काला पेट्रोलमध्ये जागा मिळाली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग २००१ साली देशात ज्या ठिकाणी झाले त्यांत मिरज व मनमाड ही महाराष्ट्रातील दोन ठिकाणे होती, आणि मनमाड तर नगरचा रेल्वेशेजारी. हे मिश्रण सरासरी १० टक्क्यांवर २०२२ मध्ये पोहोचले आणि २० टक्क्यांवर २०२५ मध्ये. अशा रीतीने मूळ इंधन आणि त्यात मिसळलेले द्रव्य ही दोन्ही एकाच रस्त्याने ये-जा करतात; आणि त्यांच्यावरील शब्द वाचणारे चालक, हमाल, जोडारी व कंत्राटी कामगार हेही त्याच रस्त्यावर असतात.

(२)

प्रथम वस्तुस्थिती. पेट्रोल हा द्रव पेटत नाही; त्याची वाफ हवेत मिसळली म्हणजे ते मिश्रण पेटते, आणि तेही विशिष्ट प्रमाणातच. हवेत पेट्रोलच्या वाफेचे आकारमान सुमारे १.४ टक्क्यांहून कमी असले तर इंधन अपुरे पडते आणि ज्योत पुढे सरकत नाही. ते सुमारे ७.६ टक्क्यांहून अधिक झाले तर हवा अपुरी पडते आणि ज्योत तेव्हाही सरकत नाही. या दोन मर्यादांमधील पट्टा तेवढा स्फोटाचा. इथेनॉलचा पट्टा सुमारे ३.३ पासून १९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे बराच रुंद आहे.

यातून एक चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष निघतो. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवावरील पोकळीत वाफ इतकी दाट असते की नेहमीच्या तपमानास ते मिश्रण वरच्या मर्यादेच्या पलीकडे असते. टाकीच्या आत ते पेटण्यास हवाच पुरत नाही. शुद्ध इथेनॉल हे त्या मानाने मंद उडणारे द्रव्य. त्याचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या किमान तपमानास द्रवावरील वाफ ठिणगीने क्षणभर पेटू शकते ते तपमान, सुमारे १३ अंश सेल्सियस आहे. पेट्रोलचा शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. प्रज्वलनांकाच्या एकाच कसोटीने पाहिले तर इथेनॉल अधिक सुरक्षित ठरावे. परंतु २० अंश तपमानास इथेनॉलच्या टाकीतील पोकळीत वाफेचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते, आणि हे प्रमाण नेमके त्याच्या स्फोटपट्ट्यात पडते. साधारण १३ पासून ४१ अंशांपर्यंत ही स्थिती टिकते. सुप्यासारख्या पठारावरील गावात वर्षाचे बहुतेक तास याच तपमानांत जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होईल.

आता दोहोंचे मिश्रण पाहू. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातल्याने बंद टाकीतील स्थिती फारशी पालटत नाही. पोकळी पूर्वीप्रमाणेच अतिसमृद्ध राहते. उलट इथेनॉलमध्ये थोडे पेट्रोल घातले तर वाफ दाट होते आणि उष्ण हवेत टाकीतील मिश्रण स्फोटपट्ट्याच्या वर ढकलले जाते. म्हणजे अधिक लवकर पेट घेणारे द्रव्य मिसळल्याने बंद टाकीतील स्फोटाचा संभव घटतो. तेच मिश्रण जमिनीवर सांडले तर मात्र धोका वाढतो. तेच थंड प्रदेशात नेले तर वाफ विरळ होऊन टाकीतील मिश्रण पुन्हा पट्ट्यात येऊ शकते. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाविषयी हिवाळ्यात ही काळजी घ्यावी लागते. द्रव्य तेच, मिश्रक तेच. परंतु प्रमाण, तपमान आणि बंदिस्तपणा बदलला की परिणामाची दिशाच उलटते.

(३)

या वस्तुस्थितीपुढे आपल्या संज्ञा ठेवून पाहाव्यात. ‘ज्वलनशील’ याचा विग्रह ‘ज्वलन हे ज्याचे शील आहे ते’. शील म्हणजे स्वभाव, अंगभूत धर्म. ‘ज्वालाग्राही’ यातील प्रत्ययही याच कुळातला. पाणिनीने ‘ताच्छील्य’ म्हणजे एखादी क्रिया करण्याचा स्वभाव या अर्थी जे प्रत्यय सांगितले आहेत, त्यांत याची गणना होते. मात्र ज्वाला बाहेरून येते आणि द्रव्य ती ग्रहण करते, एवढा संबंध या शब्दाने निदान सूचित केला आहे. त्या मानाने तो अधिक चांगला शब्द होय, आणि ‘ज्वलनशील’ने त्याला मागे सारावे ही काहीशी खेदाची गोष्ट आहे. परंतु दोहोंतही हवेला जागा नाही, प्रमाणाला जागा नाही. धोका द्रव्यात आहे आणि तो त्याचा स्वभावच आहे, असे दोन्ही शब्द सांगतात. स्फोट हा तर मिश्रणाचा धर्म आहे.

‘स्फोटक’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठीत स्फोटक म्हटले की सुरुंगाची दारू, जिलेटिन, डायनामाइट डोळ्यांपुढे येते. ज्या पदार्थांत प्राणवायू अंगचाच असतो, ज्यांना हवेची गरज नसते, असे हे पदार्थ. वाफ आणि हवा यांचे मिश्रण या अर्थी हा शब्द कामगाराच्या मनात उमटत नाही. वस्तुतः पेट्रोलियम आणि स्फोटके या दोन्हींच्या सुरक्षिततेचे नियमन करणारी केंद्रीय संस्था एकच आहे आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. तिच्या नावात ‘पेट्रोलियम’ व ‘स्फोटके’ शेजारी शेजारी उभे आहेत. परंतु लोकांच्या मनात ती शेजारी नाहीत. एक द्रव्य ‘पेटणारे’ आणि दुसरे ‘उडणारे’, अशी विभागणी भाषेने करून ठेवली आहे. आणि इथेनॉलची टाकी पहिल्या विभागात टाकली गेली आहे.

संज्ञांचा तिसरा गट मिश्रकांचा. रोधक, निरोधक, शामक, प्रतिबंधक हे सारे कर्तृवाचक शब्द आहेत. ‘रोधक’ म्हणजे रोधणारा. किती मात्रेत रोधणारा, कोणत्या परिस्थितीत रोधणारा, हे प्रत्यय सांगत नाही. सांगू शकतही नाही. नाव ठेवणाऱ्याने द्रव्याचा हेतू पाहून नाव ठेवले. वाचणारा तो परिणाम म्हणून वाचतो. हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर किती मोठे असू शकते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण आगीस विझविणाऱ्या वायूंचे. हॅलॉन १३०१ या वायूतील ब्रोमीन ज्योतीतील हायड्रोजनचे मोकळे अणू टिपून घेतो व ज्वलनाची साखळी तोडतो. परंतु तो ओझोनच्या थरास घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याला पर्याय शोधणे भाग पडले. विमानाच्या मालकक्षात एरोसोलचा डबा फुटल्यास काय होईल, याची चाचणी अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने प्रोपेन, इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण वापरून केली. तीत पेंटाफ्लुओरोइथेनसारखे काही पर्यायी वायू पुरेशा मात्रेहून कमी असताना स्फोटाचा दाब घटण्याऐवजी, वायू मुळीच नसतानाच्या दाबाहूनही वाढलेला आढळला. मात्रा अपुरी पडली की तो वायू स्वतःच इंधनाचे काम करू लागतो. ‘शामक’ या नावाचे द्रव्य येथे उद्दीपक झाले. नाव मात्र कायम राहिले.

दुसरे उदाहरण शिशाचे. १९२१ मध्ये टॉमस मिजली याने टेट्राएथिल लेड हे द्रव्य पेट्रोलमध्ये घातल्यास इंजिनातील नॉकिंग थांबते असे शोधून काढले. नॉकिंग म्हणजे ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरातील उरलेले मिश्रण आपोआप पेटणे. हिंदी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘अपस्फोटन’ म्हणतात, आणि तो शब्द मला मोठा मार्मिक वाटतो: स्फोट जेथे हवा तेथे तो असावा, अवेळी व अस्थानी मात्र नसावा, हा अर्थ ‘अप’ या एका उपसर्गाने साधला आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. आज अपस्फोटन टाळण्याच्या कामी इथेनॉलचाही उपयोग होतो. म्हणजे जे इथेनॉल इंजिनात ‘रोधक’ ठरते, तेच साठवणटाकीत निर्भेळ असताना स्फोटपट्ट्याच्या मध्यभागी वाफ उभी करते. एकाच द्रव्याला स्थळपरत्वे दोन परस्परविरुद्ध विशेषणे लागतात. मग ती द्रव्याची विशेषणे कशी म्हणावीत?

तिसरे उदाहरण घरगुती गॅसचे. त्यात मिसळलेले एथिल मरकॅप्टन वायूच्या स्फोटमर्यादा व्यवहारतः मुळीच बदलत नाही. ते बदलते मनुष्याला. अमेरिकेत टेक्ससमधील न्यू लंडन येथील शाळेत १९३७ साली गंधहीन नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, बहुतांशी मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर वायूस वास देणे सक्तीचे होत गेले. हे मिश्रक म्हणजे एक प्रकारचे चिन्हच होय: धोका न बदलता धोक्याचे ज्ञान करून देणारे. भाषाशास्त्रज्ञाला त्याचे विशेष वाटावे, कारण फलकावरील शब्दाकडून आपली अपेक्षा अगदी एवढीच असते.

(४)

शब्द आणि स्फोट यांचा संबंध भाषाशास्त्राला नवा नाही. बेंजामिन ली व्होर्फ हा रसायन-अभियांत्रिकीचा पदवीधर १९१९ पासून १९४१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत काम करीत होता. आगींच्या कारणांची छाननी करताना त्याच्या ध्यानात आले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक सावध वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बेफिकीर. वास्तविक वाफेमुळे रिकामी पिंपेच अधिक घातक. भाषा व विचार यांविषयीच्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात हे उदाहरण आले आहे. व्होर्फच्या सिद्धांताचा अतिरेक आज कोणी मान्य करीत नाही. केवळ एका विशेषणामुळे माणूस सिगारेट पेटवतो, असे म्हणणे हे शिक्षण, देखरेख व वायुवीजन या कारणांना डावलण्यासारखे आहे. तथापि त्याचे मूळ निरीक्षण अबाधित आहे, आणि मराठीच्या संदर्भात ते पुढे नेता येते.

मराठी ‘रिकामा’ हा इंग्रजी शब्दाहूनही अधिक निर्धोक आहे. रिकामा माणूस म्हणजे ज्याला उद्योग नाही असा. रिकामटेकडा तर कोणाच्याच कामाचा नाही. रिकाम्या वस्तूकडून काही घडेल ही अपेक्षाच या शब्दात नाही. पिंप रिकामे करणे म्हणजे त्यात हवा शिरू देणे. आणि हवा शिरली की अतिसमृद्ध वाफ विरळ होत होत स्फोटपट्ट्यात उतरते. भरलेल्या टाकीतील वाफेला जी हवा मिळत नव्हती ती रिकामी करण्याच्या कृतीनेच तिला पुरविली जाते. अशा पिंपाला डाग देण्यासाठी ज्योत लावली तर काय होईल, हे सांगावयास नको.

यापेक्षाही महत्त्वाचे क्रियापद म्हणजे ‘उडणे’. बोलीत पेट्रोल ‘उडून जाते’ म्हणजे त्याची वाफ होते. आणि टाकी ‘उडते’ म्हणजे तिचा स्फोट होतो. दोन्ही क्रियांना मराठीने एकच शब्द दिला. मात्र ‘उडून गेले’ या संयुक्त क्रियापदातील ‘गेले’ हे समाप्तीचा अर्थ आणते. सांडलेले पेट्रोल उडून गेले म्हणजे प्रकरण संपले, अशी समजूत हा प्रयोग करून देतो. वस्तुतः ते गेलेले नसते. हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असलेली ती वाफ जमिनीलगत, गटारात, खड्ड्यात पसरलेली असते. ‘वाफ’ हा शब्दही येथे साह्य करीत नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरातील वाफ गरम असते, दिसते आणि वर जाते. ही वाफ थंड असते, दिसत नाही आणि खाली बसते.

असे असले तरी लोकभाषेला दोष देऊन थांबणे अन्यायाचे होईल. परिभाषेत नसलेला विवेक याच लोकभाषेत आहे. जळणे, पेटणे, भडकणे, फुटणे, उडणे ही क्रियापदे ज्वलनाच्या निरनिराळ्या अवस्था नीट वेगळ्या ठेवतात. विस्तव जळतो, काडी पेटते, आग भडकते, भांडे फुटते, टाकी उडते. ही सारी क्रियापदे घटना सांगतात, आणि घटनेला कर्ता, काळ व निमित्त असते. नामरूप परिभाषेने नेमके हेच गाळले. ‘पेट घेणे’ या साध्या प्रयोगात द्रव्य, ठिणगी आणि क्षण तिन्ही आहेत. ‘ज्वलनशीलता’ या भारदस्त नामात तिघांपैकी एकच उरते.

(५)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्रीय संज्ञा रूढीने चालते, व्युत्पत्तीने नव्हे. पंकज म्हटल्यावर चिखलात जन्मणारे बेडूक कोणाला आठवत नाहीत. त्याचप्रमाणे ‘ज्वलनशील’ म्हणताना शीलाचा विचार कोणी करीत नाही. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ते शब्दाचे भेद म्हणून सांगितले जातात, परंतु ते वाचकाचेही भेद आहेत. ज्याने व्याख्या शिकली त्याला संज्ञा रूढ असते. ज्याने ती शिकली नाही त्याच्यासाठी तीच संज्ञा यौगिक असते. तो तिचे अवयव जोडूनच अर्थ लावणार. प्राध्यापक आणि जोडारी एकच शब्द वाचतात, पण दोन निराळ्या रीतींनी वाचतात. परिभाषा घडविताना पहिल्या वाचकाचा विचार झाला; फलक दुसऱ्यासाठी असतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. ‘ज्वलनशील’ हा शब्द हिंदी व मराठी दोन्हींत चालतो, आणि औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने असताना असा सामायिक शब्द टाकून देणे शहाणपणाचे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. शब्द टाकावा असे माझे म्हणणेच नाही; त्याला एकटा सोडू नये एवढेच म्हणणे आहे.

याबाबतीत अंकांनी शब्दांपेक्षा अधिक तत्परता दाखविली आहे. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या क्रमांकांत पेट्रोलला १२०३ आणि इथेनॉलला ११७० हे क्रमांक आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांहून अधिक झाले की त्या मिश्रणाला ३४७५ हा स्वतंत्र क्रमांक लागतो. म्हणजे एका विशिष्ट प्रमाणानंतर मिश्रक हे मिश्रक न राहता द्रव्यच नवे होते, हे अंकाने ओळखले. याला व्यावहारिक अर्थ आहे: अल्कोहोल पाण्यात मिसळत असल्याने नेहमीचा अग्निशामक फेस त्यावर विरून जातो आणि अशा इंधनाच्या आगीस अल्कोहोलला टिकणारा फेस लागतो. आपण मात्र १० टक्क्यांच्या आधी आणि नंतरही त्याला पेट्रोलच म्हणतो.

मग करावयाचे काय? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोधक, शामक यांसारख्या संज्ञांची नोंद परिभाषा कोशांत मात्रेच्या उल्लेखाशिवाय होऊ नये. किती प्रमाणावर रोधक आणि त्याखाली काय, हे व्याख्येतच यावे. ‘स्फोटक’ हा शब्द सुरुंगाच्या दारूसारख्या पदार्थांसाठी राखून, वाफ-हवेच्या मिश्रणासाठी ‘स्फोटपट्टा’ हा शब्द रूढ करावा. पट्टा म्हटला की त्याला खालची व वरची अशा दोन कडा असतात, हे कोणालाही सांगावे लागत नाही. आणि फलकांवर नामाबरोबर वाक्य यावे. ‘ज्वलनशील पदार्थ’ याच्या खाली ‘पिंप रिकामे असले तरी आत वाफ आहे; ठिणगी पडल्यास उडेल’ एवढे दोन ओळींत लिहिता येते. या वाक्यात काळ आहे, निमित्त आहे आणि परिणाम आहे. ‘तरी’ हे अव्यय तर वाचकाच्या मनातील चुकीची समजूत ओळखून तिला उत्तर देते. एवढी शक्ती कोणत्याही समासात नाही.

आपल्या विभागांतून परिभाषेवर प्रबंध लिहिले जातात ते बहुधा कोशांवरून. कोशातील शब्दाचा रस्त्यावरील वाचक कोण, आणि तो त्याचा विग्रह कसा करतो, हे सुप्यासारख्या ठिकाणी जाऊन पाहण्याचे काम अद्याप बाकी आहे. ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. त्यासाठी रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांचे साह्य लागेल, आणि त्या विभागालाही आपल्या साह्याची गरज आहे. कारण स्फोटपट्ट्याचे आकडे त्यांच्यापाशी असले तरी ते ज्या शब्दांतून कामगारापर्यंत पोहोचावयाचे, त्या शब्दांची जबाबदारी आपली आहे.